कडेवरची जागा

लेकीचा फोन आला तेव्हा मी ह्यांना भरवत होते. "आई, कॉलेजातून निरोप आलाय. ह्या सत्राला बसले नाही तर नाव काढणार," एवढं म्हणून ती रडायलाच लागली. शिकायला म्हणून जर्मनीत गेली, मधेच बाळंत झाली, एक सत्र असंच गेलं होतं. बाळ आठ महिन्यांचं. जावई नोकरीसाठी दुसऱ्या गावी, आठवड्याला एकदा उगवायचे. तिथे म्हणे मूल पोटात असतानाच पाळणाघरात नाव घालून ठेवावं लागतं. आता हे हिला कोण सांगणार? बाई ठेवावी तर ती परवडणं शक्य नाही.

"आई, तू ये ना. नंबर लागेपर्यंत तरी ये."

माझा जीव तुटला. पण जाऊ कशी? ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. जेवायचे ते फक्त माझ्या हातचं. एक माणूस ठेवून बघितला होता मी. दिवसभर दातावर दात धरून बसले, पाण्याचा थेंब घेतला नाही. नांदेडकडचे शेतकरी, हट्ट रक्तातच. हैदराबादेत हिमायतनगरच्या फ्लॅटमध्ये जन्म गेला म्हणून तो काय कमी होतो?

"मग बाळाला पाठव इकडे," मी म्हटलं.

"अंगावर पितंय अजून, आई. पाठवू कसं?"

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरची भाडेकरीण दारात उभी राहिली. सुदानची मुलगी, इथे पीएचडी करत होती, कडेवर वर्षाची पोर. म्हटलं, घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! गल्लीतलं क्रेश पाचला बंद व्हायचं आणि हिची लॅब सातपर्यंत. "आंटी, दो घंटे. बस दो घंटे," ती म्हणाली. इथे राहून हिंदी शिकली होती जेमतेम.

"मैं क्या क्रेश खोल को बैठी? नक्को अम्मा, मेरे घर में बीमार आदमी है," मी तोडूनच टाकलं. माझं तोंड फटकळ, ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे.

ती वळली. तेवढ्यात पोर कडेवरून घसरली आणि रांगत थेट ह्यांच्या पलंगाशी गेली. बाजूला दूध-भाकरीची वाटी होती, तिच्यात हात घातला आणि खुशाल खायला लागली. तिची आई ओशाळली. मग वाटीत बघून म्हणाली, आमच्याकडेही ज्वारीचीच भाकरी करतात, पण पातळ, धिरड्यासारखी. आणि रडू लागली. तिच्या देशात लढाई पेटलेली, नवरा तिकडेच अडकलेला, आई गेल्या वर्षी वारलेली. "आई, तू ये" म्हणायलाही तिला कुणी नव्हतं. मी पुढे झाले आणि पोरीला उचललं.

दोन तासांचे चार झाले, चाराचा दिवस झाला. एक घास पोरीला, एक घास ह्यांना. तिनं तोंड उघडलं की हेही उघडायचे. मला हसूही यायचं आणि भडभडूनही. शेजारीण म्हणाली, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस बाई." मी म्हटलं, "भाजते. तुझं पीठ लागत नाही ना?"

लेकीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्या पोटात काही राहत नाही. "बरं केलंस," ती म्हणाली होती. तिनंही कुठलीशी बाई शोधली होती, स्वतःच्या तीन मुलांबरोबर आमच्या बाळालाही सांभाळणारी. पण ती बाई आजारी पडली की हिचं कॉलेज बुडायचं. एकदा परीक्षेच्या दिवशीच बाईनं नाही म्हणून कळवलं. हिनं बाळाला घेऊन कॉलेज गाठलं, तर आत घेईनात. पोराला कवटाळून बाहेरच्या बाकावर बसली आणि तिथून मला फोन लावला. इतक्या लांबून मी काय करणार? "रडू नको, रडू नको" म्हणत मीच रडत होते.

एका दुपारी व्हिडिओ कॉल चालला होता. नातू पडद्यावर, मी त्याला "कुकूच कूऽऽ" करतेय, आणि तो माझ्याकडे बघायलाही तयार नाही. आईच्या कुशीत तोंड खुपसून बसलेला. तेवढ्यात ही पोर दुडूदुडू आली, माझ्या मांडीवर चढली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आजी, भूक."

लेकीनं ते ऐकलं. मी घाईघाईनं म्हटलं, "अगं, आता तुझा सोन्याही मोठा झालाय. घेऊन ये त्याला, सोड इथे. एकीबरोबर दुसरा. बाबाही खूश होतील."

"कडेवर जागा आहे का गं तुझ्या?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भाकरी थापताना तेच ऐकू यायचं, ह्यांची कूस बदलताना तेच. राग आला मला, फार आला. म्हटलं, मी इथे काय मजा मारत बसलेय? बाप तुझाच आहे ना हा? पण हे सगळं भिंतीला सांगून काय उपयोग. पुढे फोन यायचे, पण "जेवलीस का, बाबा कसे आहेत" एवढ्यावर संपायचे.

उन्हाळ्यात खालच्या मुलीची पीएचडी झाली. पेढ्यांचा डबा घेऊन वर आली, माझ्या पायांना हात लावला. कुठून शिकली कोण जाणे. "आंटी, आपकी वजह से हुआ," म्हणाली. पुढच्याच आठवड्यात पोरीला घेऊन भावाकडे इजिप्तला गेली. जाताना पोर जिन्यात "आजी, आजी" करून ओरडत होती आणि मी दार लावून आत उभी होते. तिथे तिचं मराठी कोण समजून घेणार? ह्यांनी दोन दिवस तोंड उघडलं नाही. पोरगी जिथे बसायची तिथे डाव्या हातानं चाचपत राहायचे.

पेढे संपले नव्हते तोवर लेकीचा फोन आला. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा.

"आई, मी नाव काढून घेतलं. त्या बाईनं गाव सोडलं. पाळणाघरात नंबर पुढच्या वर्षी लागेल म्हणतात. किती ओढणार?"

"मी येते," म्हटलं. "बाबांचं काहीतरी करते. येतेच मी."

"आता कशाला, आई. आता मी घरीच आहे."

मागे नातू कुठलंसं भांडं बडवत होता. ती त्याला काहीतरी म्हणाली, मग मला विचारलं, "त्या खालच्या मुलीचं झालं का गं पूर्ण?"

"झालं."

"चला. तुझ्या हातून एकीचं तरी झालं."

टोमणा नव्हता त्यात. मी नीट ऐकलं, तिचा आवाज मी ओळखते. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.