मामांची भिर्रर्र

समस्त गाडामालक, बैलजोड्या, भेळवाले आणि मंडपाच्या सावलीला बसलेली जाणती मंडळी, यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की आमच्या मामांचा दम गेला, आणि त्यात माझा हात होता.

शिरूर भागातल्या बैलगाडा शर्यतींत मामा पंचवीस वर्षं माईकवर. गाडा सुटला की त्यांची 'भिर्रर्र' उठायची, ती बैल घाट चढून निशाणापाशी पोचेपर्यंत एकाच श्वासात चालायची.

घाटातली धूळ खाऊन त्यांना दमा जडला. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, पाचच दिवसांच्या. सहाव्या दिवशी मामांचा मला फोन. मी कुरकुंभला, औषधांच्या कारखान्यात. म्हणजे पॅकिंगला, खोक्यांना चिकटपट्टी लावतो. पण नातेवाइकांत मी अर्धा डॉक्टर, आणि तो मान मी कधी नाकारला नव्हता.

"भाचेबुवा, गोळीनं लई हलकं वाटतंय. चालू ठिवू का?"

"बिनधास्त ठेवा, मामा!"

दोन वर्षं दौंडच्या ओळखीच्या मेडिकलमधून पाकिटं मीच पोचवली. मामांचा चेहरा गोल झाला, गाल तुकतुकीत. लोक म्हणत, मामांनी बाळसं धरलं. ते श्रेयही मी घेतलं.

मग मामा जमिनीवरून उठताना भिंत धरायला लागले. छातीच्या डॉक्टरांनी काट्याचं यंत्र जोडलेल्या एका नळीतून जोरात श्वास ओढायला लावला. काटा जेमतेम थरथरला.

"श्वास ओढणारे स्नायूच अशक्त झालेत," डॉक्टर म्हणाले. "या गोळ्या फार दिवस घेतल्या की चेहरा सुजून गोल होतो, पण मांड्या झिजतात, तसे हेही. आता एकदम सोडायच्या नाहीत, हळूहळू कमी करू. चालू ठेवा म्हणून कोणी सांगितलं?"

"माझं मीच," मामा म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

यंदा जत्रेत त्यांनी माईक मागितला. "एकच गाडा रं."

गाडा सुटला. भिर्रर्र उठली आणि निम्म्या घाटातच विरली. बैल पुढं निघून गेले. कर्ण्यांतून सगळ्या माळाला ऐकू येत होती ती मामांची धाप. त्यांनी माईक माझ्या हातात दिला. जन्मभर नुसती बडबड केलेल्या मी पहिलं काम केलं ते माईकचं बटण बंद करण्याचं.

समोर उभा असलेला एक गाडामालक मामांच्या गोल गालांकडं बघत बोलून गेला, "पर मामा, तब्येत तर लई झ्याक झालीया की!"