सांडलेलं कुंकू

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंबरनाथला शेजारच्या वहिनींच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आमच्या दत्तक मुलीला नेलं होतं. जन्मदात्रीने गरोदरपणी दारू प्यायल्याने मुलीच्या मेंदूला इजा झाली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिचा दंगा पाहून शेजारणींना वाटे, मीच तिला लाडाने बिघडवलंय. घरातली पहिली पदवीधर मी, पण हे समजावायला मला शब्द सापडत नसत.

त्या दिवशी तिने कुंकवाचा करंडाच उधळला. "तरी म्हटलं होतं, हिला आणू नका," एक जण पुटपुटली.

बदलापूरहून आलेली कोणाची तरी नणंद पदर खोचून खाली बसली. फरशीवरचं कुंकू बोटावर घेऊन तिने आधी स्वतःला लावलं, मग मला.

"अहो, तिला थांबायचं कळतं, पण थांबता येत नाही. माझ्या धाकटीचंही तसंच आहे," ती म्हणाली आणि गुलाबदाणी मुलीच्या हाती दिली. "शिंपड गं सगळ्यांवर."

मुलीने वहिनींना पार भिजवलं. "अगं बये, नवी साडी माझी," म्हणत आधी त्याच हसल्या.

त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. निघताना मात्र कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच मला कोणाची माफी मागावी लागली नाही.