साळुंकीचे शर्ट परत आणताना

सोलापूर स्टेशनातून गाडी हलली तेव्हा माझ्या मांडीवर कागदात गुंडाळलेली एक लाकडी पाटी होती आणि पायांशी पिशवीत शेंगाचटणी व कडक भाकऱ्यांची चवड. पाटी माझ्याच हातची. मी शाळेत चित्रकला शिकवतो. काथाच्या रंगाची जमीन आणि तिच्यावर मान वळवून बघणारी, पिवळ्या चोचीची साळुंकी मी रंगवली होती. चिंचवडला माझ्या मावसबहिणीचे, कमलअक्काचे, दुकान उघडणार होते. त्याच्या दारावर ही पाटी लागायची होती. आणीबाणी नुकतीच उठली होती, डब्यातली माणसे पुन्हा मोठ्याने राजकारण बोलत होती, आणि मलाही उगाचच आता सगळे बरे होणार असे वाटत होते.

अक्काचा उद्योग काय होता ते आधी सांगायला हवे. तिचे यजमान, म्हणजे आमचे शंकरदाजी, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला होते. एके दिवशी त्यांच्या शर्टाची बाही चकमध्ये (लेथचे लोखंड धरून फिरणारे तोंड) अडकली आणि उजवा हात कोपराखाली गेला. घर चालवायला अक्काने शिलाई मशीन घेतले. परकर-पोलकी शिवता शिवता तिच्या डोक्यात एकच विचार घोळू लागला: बाही अडकली तरी हात शाबूत राहील असा शर्ट. अर्ध्या बाहीचा चालत नाही, कापल्या लोखंडाचे तापलेले छिलके उडून हात भाजतात. म्हणून तिने पूर्ण बाहीचाच शर्ट बेतला, पण कोपराखालची बाही कच्च्या शिलाईने जोडली. जोराची ओढ बसली की ती निखळून यावी. जोड झाकायला वरच्या कडेने शिवलेली पिवळी पट्टी. कापड तेलाचे डाग न दिसणाऱ्या काथाच्या रंगाचे, आणि खिशावर साळुंकी. ते चित्र तिने माझ्याकडून काढून घेतले होते.

"कामगाराचा कपडा म्हणजे खाकी पोतंच कशाला पाहिजे?" ती म्हणायची. "कंपनीतून सुटल्यावर त्याच शर्टात सिनेमाला जाता आलं पाहिजे."

कारखान्यांच्या गेटवर दाजी शर्ट घेऊन उभे राहत. त्यांची रिकामी बाही हीच जाहिरात. बघता बघता 'साळुंकी' हे नाव पिंपरीपासून मोशीपर्यंत झाले. लोक शर्ट मागत नसत, "एक साळुंकी द्या" म्हणत.

पुण्याला गाडी बदलून मी लोणावळ्याकडच्या पॅसेंजरने चिंचवडला उतरलो. फलाटावर दाजी उभे होते. नेहमी लांबूनच "या मास्तर!" म्हणून हाक मारणारा माणूस, आज जवळ येईपर्यंत बोलला नाही.

"जयभीम, दाजी."

"जयभीम. पाटी गुंडाळलेलीच राहू द्या, मास्तर. दुकान उघडत नाही."

भोसरीच्या बसमध्ये त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितले. गेटवरची मागणी एकट्या अक्काच्या मशीनला झेपेना. शिवाय दुकानासाठीही माल हवा. तेव्हा दुकानाचे शर्ट तिने स्वतः शिवायला घेतले आणि गेटवरचे पिंपरीतल्या एका शिलाईवाल्याकडे दिले. धुण्यात बाही सुटते अशी तक्रार त्या माणसाच्या कानावर आली होती. त्याने नायलॉनच्या धाग्याने पक्की शिलाई घातली.

"लबाड नाही हो तो. त्याला वाटलं, आपण माल सुधारला," दाजी म्हणाले. "पट्टीमुळे आम्हाला कळलं नाही. गठ्ठे आले तसे गेटवर गेले."

"मग कळलं कसं?"

दाजींनी खिडकीबाहेर पाहिले. रस्त्याच्या कडेने कारखान्यांच्या लांबच लांब भिंती चालल्या होत्या. "चाकणच्या पलीकडचा पोरगा आहे, नामदेव. आठ-दहा दिवसांपूर्वी लेथवर अडकला, आम्हाला काल कळलं. त्याचाही उजवाच."

भोसरीत अक्काची खोली पत्र्याची, एका ओळीतली शेवटची. आत बुद्धाची तसबीर, स्टोव्ह, मशीन, आणि भिंतीला टेकून दुकानाच्या मालाचे गठ्ठे. अक्का मशीनसमोर बसली होती, पण मशीन बंद होते. तिने मला "आलास?" म्हटले, पाणी दिले आणि एक शर्ट माझ्या हातात कोंबला.

"ओढ."

मी बाही धरून ओढली. मग पाय रोवून ओढली. हाताला रग लागली, पण शिवण हलली नाही.

"तुझी साळुंकी आहे त्याच्यावर," अक्का म्हणाली. "लोक पक्षी बघून घेतात रे. शिवण कोण बघतं? ती मी बघायची."

मी काहीतरी समजुतीचे बोलू लागलो. तिने हात वर करून थांबवले. "जेवून घे. आपल्याला सगळे शर्ट परत आणायचेत. दुकानासाठी शिवलेले माझ्या हातचे आहेत ते बदल्यात द्यायचे."

"सगळे? मग दुकान?"

तिने भाकरी माझ्या ताटात टाकली.

कोणी शर्ट घेतले याची नोंद कुठेच नव्हती. दाजींना चेहरे लक्षात होते, एवढाच आधार. दुपारची पाळी भरायच्या वेळी आम्ही तिघे एका गेटवर जाऊन उभे राहिलो. दाजींनी पहिलाच माणूस ओळखला. लातूरकडचा होता, कपाळावर गंध, केस चापूनचोपून बसवलेले.

"भाऊ, हा शर्ट काढून द्या. हा दुसरा घ्या, नवा आहे," अक्का म्हणाली.

"काऊन? ह्याला काय झालं? बहिणीच्या लग्नात हाच घालून मिरवलो मी."

अक्काने नव्या शर्टाची बाही धरून हिसका दिला. कापड टर्र करून तिच्या हातात आले. तो चाटच पडला.

"अहो ताई, हा तर फाटला!"

"फाटायलाच पाहिजे."

"मग मला कशाला देता? माझा चांगला पक्का आहे की!"

भोवती जमलेले दोघेचौघे हसले. अक्का पुन्हा समजावू लागली, पण भोंगा होत आला होता आणि तो सटकायच्या बेतात होता. तेव्हा दाजी पुढे झाले. त्यांनी आपली बाही वर सारली आणि उरलेला हात त्याच्यापुढे धरला. त्या माणसाने तिथेच, गेटवर, गंजिफ्रॉकवर उभे राहून शर्ट काढून दिला आणि गठ्ठ्यातला दुसरा नवा चढवून, मान खाली घालून आत गेला.

हे दृश्य मी पुढे पुष्कळ वेळा पाहिले. प्रत्येक वेळी दाजींना बाही वर करावी लागली. त्यांचा चेहरा दर वेळी अधिक मिटत गेला.

तिथून आम्ही 'कॉट बेसिस'च्या एका खोलीत गेलो (एका खाटेवर तीन पाळ्यांची तीन माणसे आळीपाळीने झोपतात). दिवसाउजेडी आत अंधार, खोबरेल तेलाचा आणि घामाचा वास. खाटेवर झोपलेल्याला हलवून दाजींनी विचारले, "बाळू कुठाय?"

"ड्यूटीवर. संध्याकाळपर्यंत लेथ आहे त्याला."

"शर्ट कुठला घातलाय?"

"साळुंकी. दुसरा हाय कुठं त्याच्याकडं?" म्हणून तो कुशीवर वळला.

अक्का अक्षरशः धावत निघाली. माझ्या चपलेचा अंगठा वाटेत तुटला. ती हातात घेऊन मी तापलेल्या डांबरावरून तिच्या मागे पळालो. कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराने काठी आडवी धरली.

"पाळी सुटल्याशिवाय आत कुणी नाही."

"भाऊ, त्याला फक्त बाह्या वर सारायला सांगा. एवढा निरोप."

"मशीन चालू असताना निरोप देत नाहीत, बाई. साहेब मला काढतील."

आतून लोखंड कापल्याचा चिरका आवाज येत होता. अक्का फाटकासमोर धुळीत बसली. आवाज मध्येच थांबला की ती उठून उभी राही. पुन्हा सुरू झाला की बसे. मी तिला पाणी आणून दिले ते तिने हातात धरून ठेवले. मला चित्रे काढता येतात, पण त्या वेळचा तिचा चेहरा काढता येणार नाही.

भोंगा झाला. माणसे बाहेर पडू लागली. बाळू डबा हलवत, कुणाशी तरी हसत आला. अक्काने पुढे होऊन त्याचे दोन्ही हात धरले आणि पालथे-उताणे करून पाहिले. तो लाजला.

"काय झालं काकू? कुणी गेलं का?"

अक्का त्याचे हात सोडेना. शर्ट मीच मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने चाकणकडे गेलो. मोशी सोडली की कारखाने मागे पडतात. इंद्रायणीच्या पुलाखाली पाण्याची बारीक रेघ, मग मोकळी शेते आणि पश्चिमेला उघडे डोंगर. चाकणला कांद्याचा बाजार होता. गोण्यांच्या थप्प्या, बैलगाड्या, उडणारी टरफले. आमचा गठ्ठा एस.टी.च्या टपावर होता, त्यावर कुणीतरी कांद्याची पोती रचली. खाली उतरवला तेव्हा सगळ्या शर्टांना उग्र वास. बाजारातल्या खानावळीत आम्ही पिठले-भाकरी मागवली. अक्काने घास मोडला आणि तसाच ठेवला.

आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतून पोरे रोज भोसरीला कामाला जात. त्यांच्या घरी जाऊन शर्ट मागताना मात्र वेगळेच घडले. नामदेवची बातमी आमच्या आधी पोचली होती. ज्या घरी जावे तिथे शर्ट तयारच. एका बाईने तो काठीच्या टोकावर धरून अंगणात टाकला.

"न्या त्यो. अपशकुनी पाखरू हाय त्येच्यावर. हात खातंय."

अक्काने बदलीचा शर्ट पुढे केला. बाईने तो घेतला नाही. पुढच्या घरीही कुणी घेतला नाही. शिवण, धागा, पिंपरीचा शिलाईवाला, हे सांगून संपेपर्यंत दार लागलेले असे. कच्च्या शिलाईचे आणि पक्क्या शिलाईचे, सगळेच आता सारखे झाले होते. आम्ही घेऊन आलो होतो त्यापेक्षा मोठा गठ्ठा घेऊन चालू लागलो.

नामदेवच्या घराकडे दाजी पुढे, अक्का मागे. तो नुकताच दवाखान्यातून आला होता. ओसरीवर, भिंतीला पाठ लावून बसलेला. मिसरूड फुटलेला, अंगाने थोराड, आणि बँडेजमध्ये संपणारा हात. त्याची आई निवडत होती ते सूप बाजूला ठेवून उठली.

"तुमीच का त्या शर्टवाल्या?"

"हो," अक्का म्हणाली. "ती शिवण मी तपासली नाही. माझी चूक."

"चूक व्हय?" बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळेच ऐकवेना. "आमी नको म्हनत व्हतो, मशिनीवर जाऊ नगं. तर मपल्या (माझ्या) लेकानं त्यो शर्ट आनून दावला. म्हनला, आये, आता भ्यायचं कारण न्हाई, ह्यो शर्ट हाय. म्हनून जाऊ दिला मी. तुमच्या शर्टाच्या भरवशावर."

अक्का उभीच राहिली. तिने पदर तोंडाला लावला नाही, खाली बसली नाही. बाईने जे जे म्हटले ते तिने ऐकून घेतले.

मग नामदेव पहिल्यांदा बोलला. अक्काशी नाही, दाजींशी.

"तुमी बटणं कशी लावता?"

दाजी ओसरीवर त्याच्यासमोर बसले. आपल्या शर्टाचे वरचे बटण त्यांनी डाव्या हाताने सोडले. काजाची कड दोन बोटांत, बटण अंगठ्याने सरकवायचे. तळापासून सुरुवात करायची. पुन्हा सोडले, पुन्हा लावले. नामदेव बघत राहिला. मग त्याने डावा हात आपल्या छातीशी नेला. बटण निसटले. पुन्हा निसटले. कुणी मदत केली नाही. त्याची आई ते बघून आत निघून गेली आणि भांड्यांचा आवाज करत राहिली.

निघताना तिने आम्हाला पाणी विचारले नाही. ते बरोबरच होते.

पुढचे दिवस गेटांवर गेले. आता शर्ट मागावे लागत नव्हते; लोक आमच्या अंगावर टाकून जात. एका फोरमनने साळुंकी घालून आत यायला बंदी केली, ती पक्क्यांना आणि कच्च्यांना सारखीच. चिंचवडच्या दुकानमालकाने गाळा दुसऱ्याला दिला. अक्का खोलीत बसून एकेक शर्ट उसवू लागली. खिशावरची साळुंकी ब्लेडने कापून काढी आणि कापड वेगळे ठेवी. पिशव्या होतील म्हणाली.

"नाव बदलून पुन्हा काढ," मी म्हटले. "शर्ट तर खरा होता."

"नावावर विश्वास ठेवूनच पोरगा मशीनवर गेला, सुधाकर. आता दुसऱ्या नावावर दुसऱ्या कुणाला पाठवू?"

दाजी चहाचा कप ठेवत म्हणाले, "माझ्या लक्षातले चारजण सापडले नाहीत. एक म्हणे नाशिकला गेला. बाकीचे कुठं गेले, ठाऊक नाही."

अक्काचे ब्लेड थांबले आणि पुन्हा चालू लागले.

मी एकटाच परत निघालो. चिंचवड स्टेशनवर सोडायला कुणी आले नाही. दाजी त्या वेळी कुठल्याशा गेटवर चेहरे बघत उभे होते. पुण्याहून सोलापूरची गाडी धरली. दौंडला फलाटावर एक माणूस पाठमोरा चहा पिताना दिसला. काथाच्या रंगाचा शर्ट, पूर्ण बाह्या. मी गर्दीतून वाट काढत उतरलो, त्याच्यापर्यंत पोचलो आणि खांद्याला धरून त्याला वळवले. खिसा कोरा होता.

"काय पाहिजे?" तो दचकून म्हणाला.

"काही नाही. कुठं कामाला आहात?"

"कापडाच्या दुकानात. का हो?"

मी माफी मागून डब्यात चढलो. सोलापूरला पोचल्यावर शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारले, पिंपरी-चिंचवड कसे आहे? मी सांगितले, रस्ते रुंद आहेत, कारखाने मोठे आहेत, कामाला माणसे लागतात. एवढे ऐकून एकजण म्हणाला, आपल्या मुलालाही तिकडे चिकटवून द्यावे म्हणतो. कुठल्या मशीनवर, असे मी विचारले. तो म्हणाला, ते काय, मिळेल त्या.