काकांचा टाइपरायटर

“पोरगी लाजरी आहे, काही विचारणार नाही,” शेजारच्या काकू आतल्या खोलीत काकांना हळूच म्हणाल्या, ते मला बाहेर ऐकू आलं. मशीनच्या तेलाचा वास आला की आमच्या माधवगंज मोहल्ल्यातली ती दुपार आठवते. नवं राज्य झाल्यावर राजधानी आमच्या शहरातून भोपाळला गेली होती, तिकडे बदली झालेले शेजारचे काका घरातलं सामान विकत होते, आणि त्यांचा इंग्रजी टाइपरायटर बघायला मी बाबांबरोबर गेले होते. माझ्या शिष्यवृत्तीचे सगळे पैसे त्यातच जाणार होते. टायपिंग आलं तरच नोकरीची आशा होती. “एकदम चकाचक मशीन आहे, बेटा,” म्हणत काका भराभर टाइप करत होते. फीत नवी होती, घंटी वाजत होती, तेल मात्र जरा जास्तच घातलेलं होतं. “आपल्याच माणसाचं काय तपासायचं?” असं म्हणून बाबांनी पाकीट पुढे केलं. मी कागदाकडे बघत होते. अर्धा कागद भरला होता, पण सगळी अक्षरं कॅपिटल. एकही लहान अक्षर उमटलं नव्हतं, म्हणजे मशीन कॅपिटलवरच अडकलेलं असणार. आजही मी चारचौघांत बोलायला बिचकते, तेव्हा तर जास्तच बिचकायचे. तरी म्हणाले, “काका, पैसे घेण्याआधी एक ओळ लहान अक्षरांत टाइप करून दाखवता का?”