रेडिएटरनं प्यायलेलं पाणी

परवा सिग्नलला कुणाच्या तरी गाडीतून इंजिन थंड ठेवणाऱ्या, तापलेल्या कूलंटचा गोडसर वास आला आणि मी थेट दुष्काळातल्या दौलताबाद रस्त्यावर पोचलो. माझ्या जुन्या गाडीला जोर यावा म्हणून तेव्हा टर्बो बसवला होता. शेजारी मेकॅनिक सलीमभाई मांडीवरच्या लॅपटॉपवर इंजिनाच्या नव्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलत ओरडत होते, "दबाओ मियाँ, और दबाओ!" मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी उधळली आणि बॉनेटमधून वाफ निघाली. डिक्कीत बायकोनं भरून आणायला सांगितलेला पिण्याच्या पाण्याचा कॅन होता. इंजिन निवल्यावर तो सगळा रेडिएटरला पाजला.

रिकामा कॅन पाहून बायको शांतपणे म्हणाली, "लई पळती ना गाडी? मग पळवा आता टँकरच्या मागं."

आमच्या अख्ख्या गारखेड्यातून आम्ही टँकरमागं पहिल्या गिअरमध्ये फिरलो. इतकी शहाण्यासारखी ती गाडी पुन्हा कधीच चालली नाही.