पाचारण

पांढुर्ण्याच्या मंडीवरून जाताना संत्र्याच्या पेट्यांत घालायच्या तणसाचा वास आला, की मी आजही क्षणभर थबकते. उन्हात वाळलेल्या गवताचा उबदार, किंचित आंबूस वास. त्या वासासोबत मला तो आठवतो. माझा जुना विद्यार्थी, पेट्या भरणारा. आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीची इथे विसेक घरं, स्वतःचा पाळक नाही. महिन्यातून एकदा छिंदवाड्याहून पाळकसाहेब येत आणि उपासना घेऊन परत जात. बाकीचे रविवार आम्ही गाणी म्हणून निभावून नेत असू.

आई गेली तेव्हा मे महिना होता. पाळकसाहेबांची गाडी सिल्लेवानीच्या घाटात बंद पडली. सकाळपासून आईला अंगणात ठेवलेलं, बर्फ वितळून पायरीवरून वाहत होता, शेजारपाजारची हिंदू घरंही थांबून होती, आणि आमच्यातला एकही माणूस पुढे होईना. ऊन उतरायला लागलं तेव्हा तो मंडीतून तसाच आला, केसांत तणसाच्या काड्या. आईच्या उशाचं प्रार्थनेचं पुस्तक त्याने उचललं आणि अडखळत, शब्द चाचपडत, दफनविधी वाचला. मी त्या दिवशी रडले ते तेव्हा.

दोन वर्षांनी आमच्या धर्मप्रांताने पाळकाच्या शिक्षणासाठी इथून माणूस मागितला. त्याने एकट्यानेच अर्ज केला. निवड समितीवर तिघं होतो: नागपूरचे वृद्ध पाळक, सौसरचे एक वडीलधारे आणि मी. मुलाखतीच्या सकाळी त्याची बायको माझ्या दारात उभी राहिली, कडेवर धाकटी मुलगी.

"बाई, तुम्ही नाही म्हणा. हे तुमचंच ऐकतात. तीन वर्षं दोन पोरी घेऊन मी एकटी कशी राहू?"

मी तिला पाणी दिलं. शब्द मात्र दिला नाही.

चर्चच्या मागच्या खोलीत पंखा फिरत होता तरी त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. नागपूरचे पाळक चष्मा पुसत म्हणाले, "तुला देवाचं पाचारण झालं आहे का?" या प्रश्नाचं उत्तर सगळे पाठ करून येतात. त्याने केलं नव्हतं.

"नाही जी. आवाज वगैरे काही नाही आला. बाईच्या आईच्या मातीले सारे एकमेकांकडे पाहून राहिले होते. तेच डोक्यातून जात नाही."

त्याला बाहेर पाठवलं. पाळक म्हणाले, पाचारणाशिवाय पाळक होता येत नाही. सौसरचे म्हणाले, याहून वेगळं पाचारण कसं असतं? मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून बाहेरचा बाक दिसत होता. त्याची बायको तिथे बसली होती आणि सरळ माझ्याकडेच बघत होती. माझ्या मनात त्या वेळी देव नव्हता, हे कबूल करायला हवं. मला एवढंच दिसत होतं, की उद्या मी गेले तर माझ्या अंगणात कोण उभं राहील. मी होकार दिला.

तीन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. चर्चमध्ये माझ्या पलीकडच्या रांगेत बसे. पोरींना मी खाऊ दिला तर त्यांच्या हातून काढून माझ्यापुढे परत ठेवी. थोरलीला टायफॉइड झाला तेव्हा तो परीक्षेत अडकलेला. दवाखान्यात मी गेले, तर ती तोंड फिरवून सलाइनची बाटली बघत राहिली. त्या संध्याकाळी मी दवाखान्याच्या फाटकापासून घरापर्यंत स्वतःलाच दोष देत आले.

तो उत्तीर्ण झाला, दीक्षा झाली, आणि नेमणूक निघाली ती परासियाच्याही पुढच्या एका खाणवस्तीत. पांढुर्णा पुन्हा रिकामं. निघण्याच्या आदल्या दिवशी ती आली, उंबऱ्याशीच थांबली.

"बाई, तुमच्यासाठीच पाठवलं होतं ना यांना शिकायले?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायची हिंमत उरली नव्हती.

"मंग आता तुमच्याजवळ कोण?"

तिच्या आवाजात राग होता की काळजी, मला कळलं नाही. ती वाकून माझ्या पाया पडली आणि गेली.

आता रविवारची उपासना मीच वाचते. तिचा फोन येतो. तिथल्या बायांना ती गाणी शिकवते, पोरी शाळेत जातात, त्याच्याकडे लोक रात्री-बेरात्री दार वाजवतात. माझ्या गुडघ्यांची चौकशी ती आधी करते, आपलं नंतर सांगते. काळ पुष्कळ काही सोपं करून देतो म्हणतात. मला त्याचा तितकासा अनुभव नाही. दुसऱ्या बाईच्या आयुष्यातली तीन वर्षं मी माझ्या भीतीपोटी देऊन टाकली, आणि त्यातून एका अनोळखी वस्तीला पाळक मिळाला. तिने मला माफ केलं का, हे विचारायला फोनवर दर वेळी शब्द ओठांपर्यंत येतात. मग ती विचारते, "जेवल्या का, बाई?" आणि मी म्हणते, "हो, जेवले."