कुलूपवाल्याची किल्ली

दारू सोडलेल्या माणसांच्या घरी मी पाहुणा म्हणून गेलो आणि दारातच प्यायलेला म्हणून पकडला गेलो.

मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही. समारंभात सरबताचा ग्लास हातात आला तरी मी तो आधी हुंगून बघतो, आणि त्यावरून बायको मला चारचौघांत चिमटे काढते. पण त्या घराचा नियम असा, की आत येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो रोजचा असो की पाहुणा, दाराशी ठेवलेल्या श्वास तपासायच्या मशीनमध्ये फुंकर मारायची. मी ऐटीत मारली. मशीन असं काही किंचाळलं, की आतून चार माणसं हातातली कामं टाकून धावत आली.

चूक माझीच होती. दुपारी कचेरीत डब्यात कच्चा कांदा होता. दादाच्या नव्या मित्रांपुढे तोंडाला वास नको, म्हणून वाटेत माउथवॉशची छोटी बाटली विकत घेतली आणि त्यांच्या फाटकाशी उभं राहून दोनदा चूळ भरली. त्या निळ्या पाण्यात अल्कोहोल असतं, हे बाटलीवर वाचण्याची गरज मला कधी पडली नव्हती. ती गरज पडलेली माणसं आत राहत होती.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. कुलूपवाला. आमच्या भागात किल्ली हरवली, तिजोरी अडकली, कोणी बाथरूममध्ये कोंडलं गेलं, की दादाला बोलावणं. त्याच्या हातात तारेचा एक वाकडा तुकडा असला, की कुलूपं आपण होऊन तोंड उघडतात. ही कला घराला फार महागात पडली. तो प्यायला लागला तेव्हा त्याच्यापासून काहीही कुलपात ठेवण्यात अर्थ उरला नाही. आईचं कपाट, वहिनीची पेटी, माझा ड्रॉवर, सगळं त्याला सारखंच. वैतागून आम्ही एकदा दुकानदाराला सांगितलं, की दाराला तुमच्याकडचं सगळ्यात भक्कम कुलूप बसवा आणि माणूसही तुमचा सगळ्यात चांगला पाठवा. दुकानदाराने दादालाच पाठवलं. त्याने ते बसवलंही फार सुरेख.

त्या काळात तो घरी यायचा तो आवाज न करता. बेल म्हणून त्याने कधी वाजवली नाही. सकाळी उठून बघावं तर पुढच्या खोलीत बुटांसकट झोपलेला. आई बेलच्या आवाजाची वाट बघत जागी राहायची आणि बेल काही वाजायची नाही. वहिनी कंटाळून माहेरी गेली ती गेलीच.

मग एकदाचा तो उपचारांना तयार झाला. व्यसनमुक्ती केंद्रातून सुटल्यावर त्याने सरळ घरी यावं अशी आमची तयारी होती. मी माझी लिहायची खोली रिकामी केली, नवी गादी आणली. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, की मध्ये काही काळ अशा घरात राहा, जिथे सगळेच दारू सोडलेले असतात. स्वयंपाक, झाडलोट, नोकरी सगळं आपलं आपण करायचं, संध्याकाळी एका टेबलाशी बसायचं आणि एकमेकांवर लक्ष ठेवायचं. त्या घराला ते ‘मधलं घर’ म्हणतात. दादा तिकडे गेला आणि तिथेच रमला. नव्या गादीवर आमचं मांजर झोपतं.

आता मी मनातलं सांगतो. मला त्या घराचा हेवा वाटतो. साधासुधा नव्हे, चांगला जळजळीत. फोन केला की मागून हसण्याचा गडगडाट. दादाने घरी चहाचा कपही कधी विसळला नाही, तिथे तो कढया घासतो आणि घासताना गातो. वर त्याचा तो खोलीसोबती, बाजावाला. हा पूर्वी एका वाद्यवृंदात तुतारी वाजवायचा. दादाला चहात साखर किती लागते, तो कुठल्या कुशीवर झोपतो, कुठल्या दिवशी त्याला उदास वाटतं, हे सगळं या माणसाला ठाऊक. एकाच पांघरुणात वाढलो ते आम्ही, आणि कूस माहीत याला.

शिवाय टाळ्या. तिथे कोणाचा आणखी एक महिना कोरडा गेला, की सगळे मिळून टाळ्या वाजवतात. आईसुद्धा फोनवर डोळे पुसत म्हणते, “किती गुणाचा ग माझा बाळ.” माझी सगळी वर्षं कोरडी गेली. माझ्यासाठी आजवर कोणी चुटकीसुद्धा वाजवलेली नाही. एकदा मी आईला हे बोलून दाखवलं, तर म्हणाली, “तुला दारू कुठे आवडते?” जणू मी मेहनत न करता पास झालो होतो.

तर त्या संध्याकाळी मला बोलावणं होतं ते किल्लीसाठी. मधल्या घरात कुठल्याच खोलीला कुलूप नाही, आहे ते फक्त पुढच्या दाराला, आणि नव्या माणसाला त्याची किल्ली मिळत नाही. कामावरून आलं की बेल वाजवायची, कोणीतरी दार उघडतं, डोळ्यांत बघतं, फुंकर मारायला लावतं, मग आत घेतं. पुरेसा काळ नीट गेला की जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांना विचारतात. एकानेही नकाराची मान हलवली तर किल्ली नाही. सगळे हो म्हणाले तर किल्ली मिळते, आणि ज्याला मिळाली तो पुढे आणखी वर्षभर तिथे राहून नव्या माणसांना दार उघडतो.

गंमत अशी, की त्या घरातल्या सगळ्या किल्ल्या दादानेच घासून दिल्या होत्या. कुलूपही त्यानेच तेल घालून वठणीवर आणलं होतं. ते दार डोळे मिटून उघडता आलं असतं त्याला. आणि हा माणूस रोज संध्याकाळी पायरीवर उभा राहून बेल वाजवायचा आणि आतला माणूस हात पुसत येईपर्यंत वाट बघायचा.

त्याला ती किल्ली किती हवी होती हे मला फोनवरच्या त्याच्या आवाजावरून कळलं होतं. “येशील ना रे?” असं त्याने विचारलं होतं. मला ती त्याला मिळायला नको होती. किल्ली मिळाली म्हणजे आणखी वर्षभर बाजावाला. निघताना आईने आमच्या घराची एक किल्ली माझ्या हातात ठेवली होती, दादाला द्यायला. ती माझ्या एका खिशात होती आणि दुसऱ्या खिशात ती निळी बाटली.

मशीन किंचाळल्यावर घर चालवणारे काका पुढे आले. हे एके काळचे बसचालक. रोज सकाळी गाडी काढण्याआधी त्यांची तपासणी व्हायची, एक दिवस तिच्यातच नोकरी गेली, आणि आता तेच मशीन घेऊन दुसऱ्यांची तपासणी करतात. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं. मी घाईघाईने कांद्यापासून सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, की अशी कारणं या दारात त्यांनी पुष्कळ ऐकली आहेत, त्यातल्या त्यात कांदा नवीन आहे.

मग त्यांनी नियम सांगितला. साध्या पाण्याने चूळ भरायची, पाव तास बाहेर पायरीवर बसायचं, पुन्हा फुंकायचं. तेव्हाही मशीन वाजलं तर पाहुणा परत, आणि पाहुणा ज्याचा त्याची किल्ली पुढे ढकलली.

दादा बाहेर येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसला. मागून बाजावाला तांब्याभर पाणी घेऊन आला, मला चूळ भरायला लावली आणि फुंकर कशी मारायची याचा धडाही दिला. पोटातून, म्हणे, गालातून नाही. मग माझ्या खांद्यावरून दादाकडे, म्हणजे त्यांच्या ‘कुलूप’कडे, बघत म्हणाला, “कुलूप, काळजी करू नकोस. धाकटा चांगला आहे, नुसता बावळट आहे.” आणि दादा हसला. माझ्यावर. त्याच्याबरोबर.

तो आत गेल्यावर आम्ही दोघेच उरलो. समोरच्या दुकानाचं शटर कोणीतरी खाली ओढत होतं. दादाने सवयीने त्याच्या कुलपाकडे बघितलं. मी म्हटलं, किती अपमानास्पद आहे हे. दादा म्हणाला, रोज होतो, सवय होते. मी म्हटलं, तुझी खोली तयार आहे. त्याने मांजर कसं आहे विचारलं.

तेवढ्यात माझ्या मनात ते आलं. खिशात बाटली होती. एक घोट, नुसता तोंडात फिरवायचा. मशीन वाजेल, किल्ली पुढे ढकलली जाईल, दादा हिरमुसेल, आणि हिरमुसलेला माणूस शेवटी कुठे जाईल, तर घरी. माझ्याकडे. दोष माझा थोडाच, कांद्याचा. मी इतका रीतसर विचार कधी कचेरीतसुद्धा केलेला नाही. हात आपोआप खिशात गेला. बोटं झाकणावर. त्या बाटलीखेरीज जगात दुसरं काही उरलंच नाही. दादा शिंकायला किंवा बुटाची नाडी बांधायला वाकेल, याची मी वाट बघू लागलो.

दादाने मान न वळवता हात पुढे केला. तळहात वर.

“काढ,” तो म्हणाला.

“काय?”

“खिशात आहे ते.”

“काही नाही रे. किल्ली आहे.”

“किल्ली त्या खिशात. या खिशातलं.”

मला पकडायला तो योग्य माणूस होता. खिशात हात घालून आकाशाकडे बघणाऱ्या माणसाची ती बसण्याची तऱ्हा त्याने स्वतः इतकी वर्षं वापरली होती. आणि मी, कोऱ्या जिभेचा माणूस, पहिल्याच झटक्यात तेच बोललो जे तो आम्हाला बोलायचा. काही नाही रे.

मी बाटली त्याच्या हातावर ठेवली. त्याने झाकण उघडलं, हात लांब करून नाक बाजूला फिरवलं आणि सगळं पायरीशेजारच्या गटारात ओतून दिलं. रिकामी बाटली मला परत दिली. का, ते विचारलं नाही. मीच बोललो. म्हटलं, ते लोक तुला आमच्यापेक्षा जास्त आवडतात.

दादाने सांगितलं, की यांच्यातल्या कोणाचं त्याने काही चोरलेलं नाही, म्हणून यांच्यासमोर त्याला हसता येतं. आमच्यासमोर हसायला अजून जरा वेळ लागेल. एवढं बोलून तो नखाखालचं तेल काढत बसला.

पाव तास झाल्यावर काका मशीन घेऊन आले. मी पोटातून फुंकलं. मशीन गप्प बसलं. आणि त्या दारात उभ्या असलेल्या सगळ्या माणसांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. बाजावाल्याने पाठीवर अशी थाप मारली, की अजून तिथे दुखतं.

टेबलाशी सूप आणि पाव होता. काकांनी एकेकाला विचारलं. हो, हो, हो असं चालत बाजावाल्यापर्यंत आलं. तो थांबला. दादाच्या हातातला चमचा थांबला. माझ्या छातीत, देवाशपथ, आता धाकधूक होती ती त्याने हो म्हणावं म्हणून. बाजावाला म्हणाला, हो, पण याने घोरणं कमी करावं. काकांनी भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढून दादाला दिली. त्याने स्वतःच कधीतरी घासून ठेवलेली. हातात घेतल्यावर त्याने ती उजेडात धरून तिचे दात तपासले. धंद्याची खोड.

निघताना तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. नवी किल्ली शर्टाच्या खिशात, वरून हात ठेवलेला. मला पुन्हा हेवा वाटला, पण आधीपेक्षा कमी. मी आईने दिलेली किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. म्हटलं, “त्यांची घेतलीस, आता आमचीही घे. येशील तेव्हा तुझं तू दार उघडून आत ये.”

त्याने ती घेतली, अंगठ्याने तिचे दात चाचपले, आणि माझी मूठ उघडून परत आत ठेवली.

“घरी मी बेल वाजवून येणार, उठून दार तू उघडायचंस.”